एका दरात पोटभर : कोल्हापुरी ताट आणि दुपारचा बुफे

एकदाच पैसे मोजायचे आणि पोट भरेपर्यंत जेवायचं, ही सोय कोल्हापूरला जुनी आहे. नवी आहे ती मांडणी. ताट समोर येण्याऐवजी आपणच ताट घेऊन पदार्थांपुढे जायचं, झाकणं उघडायची, हवं ते हवं तितकं घ्यायचं. मोठ्या हॉटेलांतला दुपारचा बुफे, मंगल कार्यालयांतले काउंटर, कंपन्यांच्या बैठकांनंतरचं जेवण अशा वाटांनी ही पद्धत शहरात रुळली. त्याच वेळी मटण ताटाच्या खानावळी दुपारी भरलेल्या असतात, विद्यार्थ्यांच्या मेस चालू असतात आणि अंबाबाईच्या देवळाजवळच्या अन्नछत्रात भाविक जेवत असतात.

या सगळ्यांपुढचा प्रश्न एकच आहे. ठरलेल्या पैशात, किंवा पैशाविना, भरपेट जेवण असं कसं द्यायचं की जेवणारा तृप्त होईल, चालवणारा बुडणार नाही आणि अन्न वाया जाणार नाही? प्रत्येकानं त्याचं आपापलं उत्तर शोधलं आहे. ती उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते: कोल्हापुरी जेवणाला वाढणारा हात लागतो. बुफेला माझा विरोध नाही, पण या गावात बुफे चांगला व्हायचा असेल तर त्या हाताला त्यात जागा ठेवावी लागेल.

ताटाचा हिशेब

परख, ओपल, देहाती, पद्मा गेस्ट हाऊस ही नावं बाहेरगावच्या खवय्यांनाही माहीत असतात. तिथे किंवा एखाद्या गल्लीतल्या पाच टेबलांच्या खानावळीत मटण ताट सांगितलं की साधारण एकच रचना समोर येते. सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, कुठे खिमा, कुठे अंडं, कांदा-लिंबू, दहीकांदा, भाकरी किंवा चपाती, शेवटी भात, आणि काही ठिकाणी सोलकढी. सुकं मटण मोजून मिळतं. भाकरी कुठे मोजून, कुठे हवी तितकी. रस्सा मात्र दोन्ही रंगांचा, मन मानेल तेवढा. वाटी रिकामी झाली की न मागता भरली जाते.

या रचनेच्या मुळाशी पक्कं गणित आहे. मटण आलं-लसूण लावून शिजवलं की जे पाणी उरतं त्याला अळणी म्हणतात. दोन्ही रस्से त्यातूनच होतात. अळणीत नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू यांचं वाटण आणि अख्खा गरम मसाला पडला की पांढरा. भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा आणि कांदा-लसूण चटणी पडली की तांबडा. थोड्या मटणाची चव अशी मोठ्या पातेल्यात उतरते आणि सगळ्यांना पुरते. महाग वस्तू मोजून द्यायची आणि तिचा अर्क सढळ हातानं वाढायचा, हा या ताटाचा नियम. त्यामुळे गिऱ्हाइकाला हात आखडता वाटत नाही आणि मालकाचं मटणही एका ताटामागे ठरलेलंच राहतं.

मटणाच्या दराबद्दल हे गाव किती हळवं आहे ते २०१९च्या अखेरीस दिसलं. दर वाढले म्हणून कृती समित्या उभ्या राहिल्या, आंदोलन झालं, काही दिवस दुकानंही बंद राहिली. दुसऱ्या एखाद्या शहरात ग्राहकांनी गुपचूप चिकनकडे वळून विषय संपवला असता. इथे मटणाचा दर हा सार्वजनिक प्रश्न ठरतो, कारण बुधवार, शुक्रवार आणि रविवारचं जेवण घरोघरी त्यावर ठरतं. अशा गावात मटणही हवं तितकं देऊ, असं म्हणणाऱ्या हॉटेलाला एकतर दर फार चढा ठेवावा लागतो किंवा मटणाच्या जागी दुसरं काहीतरी पुढे करावं लागतं.

शाकाहारी बाजूलाही हीच शिस्त आहे. कोल्हापूर परिसरात जैन आणि लिंगायत समाज मोठा आहे आणि त्यांच्या पंगतींची स्वतःची परंपरा आहे. भरलं वांगं, आमटी, भात, मठ्ठा, खपली गव्हाची गुळातली खीर. आमटी आणि भात सढळ, गोड पदार्थ एखादाच पण मनापासून केलेला. पदार्थ थोडे, वाढ भरपूर.

मेस, अन्नछत्र आणि दहा रुपयांचं ताट

शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झालं आणि शिक्षणासाठी येणाऱ्या पोरांची संख्या वाढत गेली. त्यांच्या जेवणाची सोय मेसनी केली. महिन्याचे पैसे आधी भरायचे, दोन वेळ जेवायचं, गावी गेलो तर खाडा धरायचा, रविवारी फीस्ट. मेसचा हिशेब ताटापेक्षा वेगळा असतो, कारण इथे गिऱ्हाईक रोजचं असतं. रोज येणारा माणूस एका बैठकीत पैसे वसूल करायच्या घाईत नसतो. तो पोटापुरतं जेवतो आणि मेस चालवणाऱ्या मावशींना कोण किती भाकरी खातो हे पाठ असतं. या ओळखीमुळेच मेसमध्ये ‘हवं तितकं’ म्हणणं परवडतं. मुंबईच्या गिरणगावात कोल्हापूर, सातारा, कोकणातून गेलेल्या कामगारांना खानावळवाल्या बायकांनी याच पद्धतीनं जेवू घातलं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्या बायकांना संघटित केलं, तोवर त्यांच्या श्रमाला हिशेबात जागाच नव्हती.

देवळाजवळच्या अन्नछत्रात दर हा प्रश्नच नाही. तिथे प्रसाद म्हणून जेवण आहे, आणि प्रसाद टाकायचा नसतो हा संस्कार कुठल्याही पाटीपेक्षा जास्त काम करतो.

सरकारनंही या प्रश्नाला आपली उत्तरं दिली आहेत. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर आली. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली: दहा रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. शहरात थाळीचा खर्च ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरून वरचा फरक शासनानं उचलायचा, अशी ती योजना. इथे सगळंच मोजलेलं आहे, आणि सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या योजनेत ते योग्यच आहे. पण अंगमेहनतीचं काम करणाऱ्या माणसाला दोन चपात्यांनंतर तिसरी हवी असते. कोल्हापुरी ताटातला सढळ रस्सा आणि मेसमधली मागितली की मिळणारी भाकरी ही गरज भागवतात.

कोण कुणाशेजारी जेवणार

बुफेच्या बाजूनं बोलणारे एक गंभीर मुद्दा मांडतात आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आपली पंगत कधीच सगळ्यांची नव्हती. कोण आधी बसणार, कोण नंतर, कोण वेगळ्या ओळीत, कोण दाराबाहेर, हे जातीवरून ठरत असे. रांगेत ताट घेऊन उभं राहताना पुढच्या-मागच्याची जात विचारली जात नाही, आणि ही फार मोठी गोष्ट आहे.

या प्रश्नावर कोल्हापूरचा स्वतःचा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे सेवक होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. पुढे महाराजांच्या मदतीनं त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर हॉटेल काढलं. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायला कोण जाणार, असा प्रश्न होता. महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावत. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरू झालेल्या आणि नंतर अनेक समाजांसाठी उभ्या राहिलेल्या वसतिगृहांमुळे बहुजन पोरांच्या जेवणाची आणि शिक्षणाची सोय झाली, हाही त्याच कामाचा भाग.

म्हणजे एकत्र जेवण्याची लढाई इथे बुफे येण्याच्या कितीतरी आधी, चहाच्या कपावर लढली गेली. तिच्यातून निघणारा अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. भेद मोडला तो कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाशेजारी बसायचं, या दोन गोष्टी बदलून. वाढणारा हात काढून टाकण्याची त्यासाठी गरज पडली नाही. आजच्या खानावळीत अनोळखी माणसं एकाच टेबलाला बसतात, त्यांना एकाच जगमधून रस्सा वाढला जातो आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. हे समतेचं जेवण आहे, आणि ते वाढलेलं जेवण आहे.

बुफे कुठून आला

अनेक पदार्थ एका टेबलावर मांडून पाहुण्यांनी आपापलं घ्यायचं, ही पद्धत जगभर पोचली ती बऱ्याच अंशी स्वीडनच्या स्मॉरगॉसबोर्डमुळे. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात स्वीडनच्या दालनात ती अमेरिकेनं पाहिली. १९४०च्या दशकात लास वेगासच्या एल रँचो हॉटेलानं जुगारी लोकांना रात्री उशिरापर्यंत रोखून धरायला डॉलरभरात हवं तितकं जेवण ठेवलं. टोकियोच्या इंपीरियल हॉटेलानं १९५८ मध्ये स्कँडिनेव्हियातली पद्धत पाहून ‘वायकिंग’ नावानं बुफे सुरू केला आणि जपानमध्ये बुफेला आजही तेच नाव आहे.

अमेरिकेतल्या भारतीय हॉटेलांनी दुपारच्या बुफेला आपलंसं केलं. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्ससारख्या वस्तीत दुपारच्या सुट्टीत ऑफिसातला माणूस येतो, त्याला नावं माहीत नसतात, वेळ कमी असतो. झाकण उघडून, पाहून, थोडं थोडं चाखण्याची सोय त्याला हवी असते. तिथे राहणारी मराठी कुटुंबंही जातात, पण ताटात येतं ते बटर चिकन, नान, पालक पनीर, तंदुरी आणि खीर. पिठलं किंवा तांबडा रस्सा क्वचितच. २०२० मध्ये करोनानं या धंद्याला मोठा तडाखा दिला. एकच डाव अनेकांनी हातात घ्यायचा, ही कल्पनाच नकोशी झाली. सूपलँटेशनसारखी अमेरिकेतली जुनी बुफे साखळी तर कायमची बंद झाली.

भारतात बुफे मोठ्या हॉटेलांतून खाली उतरला. बार्बेक्यू नेशन ही साखळी २००६ मध्ये मुंबईत सयाजी हॉटेल्सच्या घरातून सुरू झाली. एका दरात हवं तितकं जेवण ही गोष्ट तिनं मध्यमवर्गाच्या वाढदिवसापर्यंत नेली. तिची एक खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. शेगडी टेबलावर ठेवून सळया वाढप्यानं आणून द्यायच्या आणि बाकीचं जेवण काउंटरवर. म्हणजे ज्या पदार्थाचा जीव गरमपणात आहे त्याला तिनं वाढणाऱ्या हातात ठेवलं.

काउंटरवर काय टिकतं

खरा प्रश्न स्वयंपाकाचा आहे. बुफेच्या भांड्यात अन्न दोन-अडीच तास गरम पाण्यावर उभं असतं. कोणता पदार्थ ही कसोटी सोसतो?

पांढरा रस्सा सोसत नाही. नारळाचं दूध पडल्यावर तो मंद आचेवर, ढवळत, उकळी फुटू न देता सांभाळावा लागतो. खाली पाणी उकळत असलेल्या भांड्यात तासभर ठेवला की तो फुटतो. वर तुपाचा थर, मध्ये पाणी, तळाला खसखस-काजूचा गाळ. मी एका हॉटेलात दुपारी पावणेतीनला झाकण उघडलं तेव्हा नेमकं हेच समोर आलं. पहिल्या डावात नुसतं पिवळट पाणी आलं, दुसऱ्यात चिखलासारखा गाळ. त्या स्वयंपाक्यानं सकाळी तो रस्सा चांगलाच केला असणार. वेळेनं तो बिघडवला.

तांबड्याचं वेगळं आहे. त्याचा तवंग वर येतो, आणि पहिले वीस-पंचवीस जण तो वरच्या वर काढून नेतात. नंतर येणाऱ्याला रंग उतरलेलं, तिखट तेवढं उरलेलं पाणी मिळतं. खानावळीतला वाढपी जग भरण्याआधी पातेलं तळापासून ढवळतो आणि प्रत्येक वाटीत तवंग, रस्सा आणि मसाला सारख्या मापानं उतरवतो. शेवटच्या गिऱ्हाइकाची वाटी पहिल्यासारखीच असते ती त्या ढवळण्यामुळे.

भाकरी तर तव्यावरून थेट ताटातच यावी लागते. ज्वारीत ग्लूटेन नाही, त्यामुळे तिला बांधून ठेवणारा चिवटपणा पिठात नसतो. गरम असताना ती मऊ असते, निवली की तिच्यातला स्टार्च घट्ट होतो आणि ती वातड होते. डब्यात झाकून ठेवली तर वाफेनं ओली होते. म्हणूनच बुफेत भाकरीच्या जागी नान आणि रोटी दिसतात, आणि कोल्हापुरातच कोल्हापुरी जेवण मागे पडतं. त्याच्या जागी व्हेज कोल्हापुरी नावाची लाल, तेलकट, तिखट भाजी येते. इथल्या घरांत ती कुणी करत नाही.

जेवण्याची रीतही पाहायला हवी. कोल्हापुरी माणूस भाकरी कुस्करतो, तिच्यावर रस्सा ओततो, तो मुरू देतो आणि मग कालवून खातो. त्याला बसायला जागा लागते, वाटी वेगळी लागते. लग्नात डाव्या हातात जड ताट धरून, धक्के चुकवत, उभ्यानं हे जमत नाही. रस्सा भातात जातो, तिथून जिलबीत जातो. वडीलधाऱ्यांची आणखी एक अडचण असते: उष्ट्या हातानं पुन्हा डाव धरायचा संकोच. अनेक जण त्यापायी दुसऱ्यांदा घेतच नाहीत, किंवा पहिल्यांदाच गरजेपेक्षा जास्त घेऊन बसतात.

याउलट काही पदार्थ काउंटरवर उत्तम राहतात. अख्खा मसूर तासाभरात आणखी मुरतो. सुकं मटण, खिमा, उसळी, भरलं वांगं, आमटी मंद आचेवर टिकतात. कोशिंबिरी, चटण्या, लोणची, ठेचा तर मांडून ठेवायच्याच वस्तू. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याचा भात थोडा थोडा, ताजा लावत राहिला तर त्याच्या वासानंच माणूस काउंटरकडे येईल.

भाताबाबत एक सावधगिरी आरोग्याची आहे. शिजवूनही मरत नाहीत असे बॅसिलस सेरियस जिवाणूचे बीजाणू तांदळात असतात, आणि भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर गरम ठेवा आणि नेहमीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. झाकण उघडल्यावर वाफ येत नसेल तर तो पदार्थ घेऊ नये, एवढं जेवणाऱ्यानं पाळलं तरी पुरे.

वाया जाणारं अन्न

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं सुमारे २९ कोटी टन हॉटेलं, खानावळी, कॅन्टीन अशा ठिकाणचं होतं. यात बुफेचा वाटा असतो आणि पंगतीचाही. पंगतीत आग्रहानं वाया जातं, बुफेत धास्तीनं. पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल, चांगला पदार्थ संपेल, दिलेले पैसे फिटायला हवेत, या धास्तीनं ताट भरलं जातं.

यावर उपाय आहेत आणि ते तपासलेही गेले आहेत. नॉर्वेतल्या हॉटेलांच्या बुफेत केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन गोष्टी केल्या होत्या. काही ठिकाणी ताटांचा आकार थोडा लहान केला. काही ठिकाणी पाहुण्यांना पुन्हा पुन्हा येऊन घ्यायचं आमंत्रण देणारी पाटी लावली. दोन्हींमुळे वाया जाणारं अन्न सुमारे २० टक्क्यांनी घटलं. दुसरा उपाय मला अधिक बोलका वाटतो. पुन्हा मिळेल ही खात्री दिली की माणूस कमी घेतो. कोल्हापुरी खानावळीत रस्सा ताटात का उरत नाही याचं उत्तरही यातच आहे. वाटी लहान असते, आणि ती पुन्हा भरली जाणार याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. ‘उष्टं टाकल्यास दंड’ अशा पाट्या लावणाऱ्या हॉटेलांनी या खात्रीचा विचार करावा. दंडाच्या धाकानं माणूस ताट रिकामं करेलही, पण जेवणाचं समाधान त्याला मिळणार नाही.

कोल्हापूरचा बुफे कसा असावा

हा आढावा मला एका ठोस सूचनेकडे नेतो. बुफे हवाच, कारण त्याचे फायदे खरे आहेत. तिखट न सोसणाऱ्या पाहुण्याला, एकाच कुटुंबातल्या शाकाहारी-मांसाहारी माणसांना, लहान मुलांना, घाईत असलेल्याला निवडीचं स्वातंत्र्य मिळतं. पण जे टिकतं तेवढंच काउंटरवर मांडावं आणि जे टिकत नाही ते टेबलावर आणून वाढावं. सुकं मटण, अख्खा मसूर, वांगं, आमटी, कोशिंबिरी, गोड पदार्थ काउंटरवर. दोन्ही रस्से आणि भाकरी वाढप्याच्या हातात. भात थोडा थोडा, ताजा लावून काउंटरवर. पदार्थांची संख्या निम्मी करावी. ताट मध्यम, वाट्या लहान, बसायला जागा पुरेशी. पांढरा रस्सा एकदम सगळा न करता दुपारभरात दोन-तीनदा करावा. अळणी तयार असेल तर वाटण घालून तो थोड्या वेळात होतो.

यात खर्च वाढेल तो माणसांचा, आणि हॉटेलवाले नेमका तोच वाचवायला बुफेकडे वळतात. तरीही माझा आग्रह कायम आहे. काउंटरवर निम्मे पदार्थ कमी झाले की वाया जाणारा माल वाचेल आणि त्या पैशातून दोन वाढप्यांचे पगार निघू शकतील. वाढणं हे कसबाचं काम आहे. कोणाची वाटी कधी रिकामी होतेय, कोण संकोचानं मागत नाही, कुणाला तिखट लागलंय म्हणून पांढरा आधी न्यायचा, हे ओळखणारा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात. आज या कामाला ना नीट पगार आहे ना मान. हॉटेलांच्या शिक्षणक्रमात आचारी होण्याला प्रतिष्ठा मिळाली, तशी वाढप्याच्या कामालाही मिळायला हवी. कोल्हापूरनं तांबड्या-पांढऱ्याची कीर्ती आचाऱ्यांइतकीच या माणसांच्या जोरावर मिळवली आहे. पुढच्या पिढीला तोच रस्सा त्याच चवीचा मिळायचा असेल, तर हॉटेलमालकांनी त्यांचे पगार वाढवावेत आणि आपण गिऱ्हाइकांनी त्यासाठी ताटामागे चार पैसे जास्त द्यायची तयारी ठेवावी.